गुलाब कोणाच्या हातात? ‘द बॅचलर’ची वाटचाल

‘द बॅचलर’चं पहिलं पर्व 2002 सालचं, पण त्याची गोष्ट दोन वर्षं आधीपासून सांगावी लागते. फेब्रुवारी 2000मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने ‘हू वॉन्ट्स टू मॅरी अ मल्टी-मिलियनेअर?’ नावाचा दोन तासांचा कार्यक्रम दाखवला. मंचावर पन्नास स्त्रिया होत्या. त्यांच्यातून बायको निवडणारा पुरुष पडद्याआड बसला होता आणि त्याचा चेहरा त्यांच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता. शेवटी तो समोर आला, त्याने एकीला निवडलं आणि तिथेच दोघांचं लग्न लागलं. दोन कोटींहून अधिक लोकांनी हे पाहिलं. थोड्याच दिवसांत बातमी आली की रिक रॉकवेल या नवरदेवाविरुद्ध 1991 साली त्याच्या पूर्वीच्या वाग्दत्त वधूने न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवला होता. वधू डार्वा कॉन्गर यांनी लग्न रद्द करून घेतलं आणि फॉक्सने ठरलेलं पुनःप्रसारण मागे घेतलं.

या कार्यक्रमाचे कर्ते माइक फ्लाइस. एवढी नाचक्की झाल्यावर दुसऱ्या कोणी हा विषय सोडून दिला असता. फ्लाइस यांना मात्र त्या दोन कोटी प्रेक्षकांत पुढची वाट दिसली. लोकांना पडद्यावर लग्न जुळताना पाहायचं होतं, फक्त ते एका संध्याकाळी उरकलेलं नको होतं. मग त्यांनी तोच प्रकार आठवड्यांवर पसरवला. ओळख, फिरायला जाणं, रुसवेफुगवे, घरच्यांची भेट आणि सगळ्यात शेवटी अंगठी. 25 मार्च 2002 रोजी एबीसी वाहिनीवर ‘द बॅचलर’चा पहिला भाग लागला. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डमध्ये शिकलेला ॲलेक्स मिशेल हा पहिला ‘बॅचलर’, आणि त्याच्यासमोर पंचवीस तरुणी.

त्या पर्वाचे भाग जेमतेम सहा होते. पण पुढे जे काही वाढत गेलं त्याचा सगळा साचा त्यात तयार झाला होता. लांबलचक लिमोझिन गाडीतून एकेक मुलगी उतरते, त्याला दोन वाक्यांत लक्षात राहील असं काहीतरी बोलते आणि बंगल्यात जाते. कधी सगळ्यांना एकत्र फिरायला नेतात, कधी एकटीला. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गुलाबांचा समारंभ होतो. तबकात मुलींपेक्षा कमी गुलाब असतात. ज्यांना गुलाब मिळत नाही त्या त्याच रात्री बॅग भरून निघतात, आणि गाडीत त्यांच्यासमोर कॅमेरा असतोच. चौघी उरल्या की तो त्यांच्या गावी जाऊन आईवडिलांना भेटतो. तिघी उरल्या की प्रत्येकीसोबत एक रात्र कॅमेऱ्याशिवाय घालवण्याची सोय केली जाते. शेवटी दोघी राहतात, त्यांतली एक नकार ऐकून परत फिरते आणि दुसरीसमोर तो गुडघा टेकतो. ॲलेक्सने अमांडा मार्शची निवड केली, पण लग्नाची मागणी घातली नाही. पुढे ते दोघे वेगळे झाले.

हा साचा टिकला कारण त्यात माणसाच्या मनातली एक खरी ओढ आहे, असं मला वाटतं. आपल्याला कोणीतरी सगळ्यांमधून निवडावं, ही इच्छा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गुलाब हातात पडताच मुलींच्या चेहऱ्यावर जी सुटकेची भावना येते ती नाटकी नसते, आणि हात रिकामा राहिलेल्या मुलीचं रडूही नाटकी नसतं. या वाटचालीत मला महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न: गुलाब द्यायचा अधिकार कोणाला मिळाला, आणि ते कोणी ठरवलं?

दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागाला अडीच कोटींच्या घरात प्रेक्षक होते. एवढं यश पाहिल्यावर वाहिनीने पहिला मोठा बदल लगेच केला. जानेवारी 2003मध्ये ‘द बॅचलरेट’ सुरू झालं आणि पहिल्या पर्वात शेवटच्या फेरीत नाकारली गेलेली ट्रिस्टा रेन आता पंचवीस पुरुषांसमोर गुलाब घेऊन उभी राहिली. नाकारलेल्या मुलीला निवडणारी करणं, ही या साऱ्या कारभारातली सगळ्यात चांगली कल्पना. ट्रिस्टाने कोलोरॅडोतल्या व्हेल गावचा अग्निशमन दलाचा जवान रायन सटर याला निवडलं. पुरुष श्रीमंत आणि बडा असलाच पाहिजे, हा पहिल्या पर्वाचा आग्रह तिने एका निर्णयात बाजूला सारला. डिसेंबर 2003मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो मिराज इथे त्यांचं लग्न झालं. ते एबीसीने दाखवलं आणि त्यासाठी जोडप्याला दहा लाख डॉलर दिल्याचं तेव्हा छापून आलं होतं. ते दोघे आजही एकत्र आहेत. पुढची वीस वर्षं कोणी या कार्यक्रमाच्या खरेपणावर शंका घेतली की वाहिनी याच जोडप्याकडे बोट दाखवत आली.

यानंतर मात्र उतरण लागली. वर्षाला दोन-दोन पर्वं काढल्याने नवलाई संपली. कधी राजघराण्यातला तरुण आणला, कधी फुटबॉलपटू, कधी नौदलातला डॉक्टर. माणसं बदलली तरी गोष्ट तीच राहिली. ‘बॅचलरेट’ तर तीन पर्वांनंतर 2005मध्ये थांबलंच. या काळावर फार रेंगाळण्यासारखं काही नाही.

ती मरगळ मोडली ती कार्यक्रमाचे नियम न पाळणाऱ्या एका माणसाने. 2007च्या अकराव्या पर्वात टेक्सासमधल्या ऑस्टिनचा बारमालक ब्रॅड वोमॅक शेवटच्या दोघींपर्यंत आला आणि त्याने दोघींनाही नकार दिला. अंगठी कोणालाच मिळाली नाही. प्रेक्षक खवळले, वर्तमानपत्रांत त्याच्यावर टीका झाली. आज ते पर्व पाहताना मला तो त्या सगळ्या काळातला सर्वांत सरळ माणूस वाटतो. प्रेम नसताना गुडघा टेकणं त्याला जमलं नाही, एवढंच. पण त्या नकाराने वाहिनीला एक वेगळीच गोष्ट शिकवली. गोंधळाने मोठी चर्चा होते, ही ती गोष्ट. ब्रॅडने नाकारलेल्या दोघींपैकी डिॲना पापसला घेऊन 2008मध्ये ‘बॅचलरेट’ पुन्हा सुरू झालं. ब्रॅडलाही 2011मध्ये पुन्हा बोलावलं गेलं.

पुढे 2009 साली जेसन मेस्निकचं पर्व आलं. जेसन सिॲटलचा, घटस्फोटित, एका लहान मुलाचा बाप. त्याने मेलिसा रायक्रॉफ्टला अंगठी घातली. चित्रीकरण आणि प्रसारण यांमध्ये काही आठवडे जातात आणि त्या काळात जोडप्याला आपलं नातं गुप्त ठेवावं लागतं. अखेरच्या भागानंतरच्या खास कार्यक्रमात जेसनने मेलिसाला कॅमेऱ्यासमोर सांगितलं की त्याचं मन दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या मॉली मालेनीकडे ओढलं जातंय. मग त्याच मंचावर मॉलीला बोलावलं आणि त्याने तिच्याकडे दुसऱ्या संधीची विनंती केली. पुढच्या वर्षी जेसन आणि मॉलीचं लग्न झालं आणि ते टिकलंही. पण मेलिसाने ती बातमी लाखो लोकांसमोर ऐकावी, ही सोय कोणीतरी जाणूनबुजून केली होती. वाहिनीला या दृश्याची चटक लागली. 2018मध्ये आरी लायेंडाइकने बेका कुफ्रिनसोबतचा साखरपुडा मोडला, तेव्हा पडद्याचे दोन भाग करून तो सगळा प्रसंग विनासंकलन दाखवला गेला. बेका त्याला परत परत जायला सांगत होती, तो सोफ्यावर बसून राहिला होता आणि कॅमेरे सुरूच होते.

जेसनच्या पर्वाच्या सुमारास भारतातही हा प्रकार आला. 2009मध्ये एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनीवर ‘राखी का स्वयंवर’ लागलं. मुंबईत वाढलेल्या राखी सावंतने शेवटी कॅनडातल्या एका अनिवासी भारतीयाला वरमाला घातली, पण लग्न झालं नाही. पुढच्या वर्षी प्रमोद महाजन यांचे चिरंजीव राहुल महाजन यांनी याच वाहिनीवर डिम्पी गांगुलीशी लग्न केलं. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत तेव्हा तो चर्चेचा विषय होता. ते लग्न काही वर्षांत मोडलं. 2013मध्ये ‘द बॅचलरेट’चीच भारतीय आवृत्ती मल्लिका शेरावतला घेऊन लाइफ ओके वाहिनीवर आली आणि एका पर्वात संपली. आपल्याकडच्या निर्मात्यांनी स्वयंवराचं नाव आणि मंडप घेतला, पण अमेरिकी कार्यक्रमाचा कणा असलेला काळ घेतला नाही. तिकडे आज नाकारलेली मुलगी पुढच्या वर्षी निवडणारी होते, त्यामुळे प्रेक्षक माणसांच्या मागोमाग वर्षानुवर्षं चालत राहतात. इथे प्रत्येक वेळी नवा तारा, नवा मंडप आणि शेवट झाला की पडदा.

अमेरिकेत दरम्यान एक प्रश्न साचत चालला होता. दहा वर्षांत दोन्ही कार्यक्रमांची मिळून वीसहून अधिक पर्वं झाली आणि गुलाब देणारी प्रत्येक व्यक्ती गोरी होती. एप्रिल 2012मध्ये टेनेसीतल्या नॅशव्हिलचे नॅथॅनिएल क्लेब्रुक्स आणि क्रिस्टोफर जॉन्सन हे दोन कृष्णवर्णीय तरुण न्यायालयात गेले. निवड चाचणीत आपल्याला वंशामुळे झटपट वाटेला लावण्यात आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संघराज्य न्यायालयाने दावा फेटाळला. कार्यक्रमात कोणाला घ्यायचं हा आशयाचाच भाग आहे आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली येतो, असा त्या निकालाचा आधार होता. कायद्याच्या दृष्टीने वाहिनी जिंकली. पण त्या खटल्याने जे उघड केलं ते झाकता आलं नाही. आदर्श वर कसा दिसतो आणि कोणाची प्रेमकथा सगळ्या देशाची मानायची, हे एका खोलीत बसलेली मोजकी माणसं ठरवत होती. सहभागी होणाऱ्या कृष्णवर्णीय मुली पहिल्या काही आठवड्यांतच घरी जातात, हे प्रेक्षकांनाही पाठ झालं होतं.

बदल आला, पण फार हळू. 2017मध्ये डॅलसची वकील रेचल लिंडसे पहिली कृष्णवर्णीय ‘बॅचलरेट’ झाली. ती हुशार, स्पष्टवक्ती आणि पडद्यावर विलक्षण सहज होती. त्या पर्वात तिच्यासाठी निवडलेल्या पुरुषांमध्ये एक असा निघाला की ज्याच्या जुन्या ट्वीट्समध्ये वंशद्वेष भरलेला होता. एवढ्या चाळण्या लावणाऱ्या कार्यक्रमाला हे आधी दिसलं नाही, यावर विश्वास ठेवणं मला अवघड जातं. पुरुष ‘बॅचलर’ मात्र गोरेच येत राहिले. मे 2020मध्ये मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि ‘बॅचलर’च्या चाहत्यांनीही एक निवेदन काढून हजारो सह्या जमवल्या. जूनमध्ये एबीसीने पहिला कृष्णवर्णीय ‘बॅचलर’ म्हणून मॅट जेम्सचं नाव जाहीर केलं. कार्यक्रम सुरू होऊन अठरा वर्षं झाली होती. पर्व होतं पंचविसावं.

हे पर्व ऐतिहासिक ठरावं अशी सगळ्यांची इच्छा होती. पण प्रसारण चालू असतानाच मॅटने पुढे ज्या तरुणीची निवड केली तिचे 2018मधले फोटो बाहेर आले. गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यांवर बेतलेल्या एका महाविद्यालयीन पार्टीतले ते फोटो होते. पहिल्या पर्वापासूनचे सूत्रसंचालक क्रिस हॅरिसन यांनी एका मुलाखतीत तिची बाजू घेतली. मुलाखत घेणारी होती रेचल लिंडसे. ज्या स्त्रीने या कार्यक्रमासाठी एवढं सोसलं तिलाच ते समजावत होते की 2018 साली या गोष्टीकडे आजच्यासारखं पाहिलं जात नव्हतं. लोकांचा संताप उसळला. हॅरिसन बाजूला झाले आणि जून 2021मध्ये त्यांचं जाणं अधिकृत झालं. रेचललाही सोशल मीडियावर इतका त्रास झाला की तिने या कार्यक्रमाशी नातं तोडलं आणि ‘न्यूयॉर्क’ मासिकात लेख लिहून आपला सगळा अनुभव मांडला. पुढे हॅरिसन यांची जागा जेसी पामरने घेतली. हा पाचव्या पर्वातला ‘बॅचलर’, आणि 2004 साली गुलाब देताना त्याच्या तोंडून चुकीच्या मुलीचं नाव गेलं होतं.

पडद्यामागचं काम कसं चालतं हे या काळापर्यंत बरंच बाहेर आलं होतं. बंगल्यात शिरताना स्पर्धकांचे फोन काढून घेतले जातात. टीव्ही नाही, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. प्रत्येकीमागे एक निर्माता किंवा निर्माती असते. ती मैत्रीण होते, रात्री उशिरापर्यंत बोलते, आणि तीच मैत्रीण कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखतीत नेमक्या जखमेवरचा प्रश्न विचारते. वेगवेगळ्या वेळी बोललेली वाक्यं जोडून एक नवीच कबुली तयार होते. सारा गर्ट्रूड शपिरो यांनी काही काळ ‘द बॅचलर’साठी हे काम केलं होतं. त्यांनीच मार्टी नॉक्सन यांच्यासोबत 2015मध्ये ‘अनरिअल’ ही मालिका काढली आणि ते सगळं कथेच्या रूपात दाखवलं. 2018मध्ये पत्रकार एमी कॉफमन यांनी ‘बॅचलर नेशन’ हे पुस्तक लिहून त्याची नोंद केली. स्पर्धकांना मानधन मिळत नाही. नोकरीतून रजा घेऊन किंवा नोकरी सोडून त्या येतात, आणि कपडेही बहुतांशी स्वतःच्या खर्चाने आणतात.

याच घराण्यातला ‘बॅचलर इन पॅराडाइज’ हा कार्यक्रम तेव्हा मेक्सिकोच्या किनाऱ्यावर होत असे. जून 2017मध्ये गैरवर्तनाच्या तक्रारीनंतर त्याचं चित्रीकरण थांबवावं लागलं. चौकशीत आरोप सिद्ध झाला नाही आणि चित्रीकरण पुन्हा सुरू झालं. पण त्यानंतर दारूवर मर्यादा आली आणि संमतीबद्दल स्पर्धकांशी आधी बोलायला सुरुवात झाली. पंधरा वर्षं दारू हेच या सगळ्या घराण्यातलं मुख्य साधन होतं, आणि ही साधी काळजी घेण्यासाठी काम बंद पडण्याची वेळ यावी लागली.

तरीही मी हे सगळं टाकाऊ म्हणणार नाही, आणि त्याचं कारण 2023ची शरद ऋतूतली पर्वणी आहे. हॉलिवूडमध्ये लेखक आणि नटांचा संप चालू होता, वाहिन्यांकडे नव्या मालिका नव्हत्या. त्या मोकळ्या जागेत एबीसीने ‘द गोल्डन बॅचलर’ आणलं. इंडियानातले 72 वर्षांचे गेरी टर्नर यांची पत्नी त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर 2017मध्ये वारली होती. त्यांच्यासमोर साठी ओलांडलेल्या बावीस स्त्रिया होत्या. कोणी विधवा, कोणी घटस्फोटित. त्या आपापल्या नवऱ्यांच्या आजारपणाबद्दल, नातवंडांबद्दल, रिकाम्या घराबद्दल बोलत होत्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. स्पर्धक असूनही एकमेकींना धरून ठेवणाऱ्या या बायका मला या सबंध वाटचालीतला सर्वांत सच्चा भाग वाटतात. म्हातारपणी सोबत हवीशी वाटणं ही गोष्ट अजूनही कित्येक घरांत दबक्या आवाजात बोलली जाते, आणि इथे ती उजेडात, कोणाचीही टिंगल न करता मांडली गेली. गेरींनी थेरेसा निस्ट यांना निवडलं आणि 4 जानेवारी 2024 रोजी त्यांचं लग्न थेट प्रक्षेपित झालं. एप्रिलमध्ये दोघांनी घटस्फोट जाहीर केला. एकीचं कुटुंब न्यू जर्सीत, दुसऱ्याचं इंडियानात, आणि मुलानातवंडांपासून दूर जायची तयारी कोणाचीच नव्हती. वाहिनीला लग्नाची घाई होती. सत्तरीतल्या माणसांना कुठे राहायचं हे आधी ठरवायला वेळ हवा होता.

त्याच 2024 साली जेन ट्रॅन ही व्हिएतनामी वंशाची तरुणी पहिली आशियाई-अमेरिकी ‘बॅचलरेट’ झाली. शेवटी तिने स्वतःच डेव्हिन स्ट्रेडरला लग्नाची मागणी घातली. ‘बॅचलरेट’च्या पर्वांत हे याआधी झालं नव्हतं. चित्रीकरण संपल्यावर त्याने साखरपुडा मोडला. 3 सप्टेंबरला अखेरचा भाग लागला तेव्हा जेन मंचावर बसली होती, शेजारी तो होता, आणि तिने घातलेल्या त्या मागणीची चित्रफीत तिच्या डोळ्यांसमोर चालवण्यात आली. ती हुंदके देत होती. ते दृश्य तसंच प्रसारित झालं. मेलिसाच्या वेळी जे पहिल्यांदा घडलं, ते पंधरा वर्षांनी ठरलेल्या पद्धतीने घडवलं गेलं. फरक इतकाच की आता गुलाब देणारी स्वतः ती होती.

हिशेब मांडायचा तर ‘द बॅचलर’च्या पहिल्या पंचवीस पर्वांत आपण निवडलेल्या मुलीशी लग्न करून संसार टिकवणारा पुरुष एकच, 2013चा शॉन लो. त्याची बायको कॅथरीन जुडीची. जेसन आणि आरी यांनी लग्न केलं ते आधी नाकारलेल्या मुलीशी. ‘बॅचलरेट’ची बाजू बरी आहे. ट्रिस्टा, डेझिरे हार्टसॉक, जोजो फ्लेचर यांनी आपण निवडलेल्या पुरुषांशीच संसार थाटले. पण लग्नांच्या आकड्यावर मी या कार्यक्रमाला तोलणार नाही. संसार मोडतात, टीव्हीवर जुळलेले आणि न जुळलेलेही. गुलाब हार्वर्डमध्ये शिकलेल्या गोऱ्या तरुणाच्या हातून घटस्फोटित बापाच्या, कृष्णवर्णीय वकिलाच्या, सत्तरीतल्या विधुराच्या हातात गेला, हे चांगलंच झालं. पण प्रत्येक वेळी बाहेरून कोणीतरी ढकलल्यावर, कधी खटला, कधी मोर्चे, कधी संपामुळे मोकळी झालेली वेळ. आणि पडद्यावर कोणीही गुलाब दिला तरी अखेरचा शब्द संकलन करणाऱ्या खोलीचाच राहिला.

वाहिनीला हे बदलायचं असेल तर मागणी लहान आहे. स्पर्धकांना कामाचं मानधन द्या. चित्रीकरण संपल्यावर निर्मात्यांच्या पगारावर नसलेला समुपदेशक द्या. आणि साखरपुडा मोडलेल्या मुलीला तिच्याच आनंदाची चित्रफीत जाहीरपणे पाहायला बसवू नका.